पडण्याची विद्या

मराठी भाषेनें 'पडणें' या क्रियापदावर फारशी माया केलेली नाहीं. भाव पडतात, तोंड पडतें, उमेदवार पडतो, दुष्काळ पडतो. पाऊस तेवढा पडलेला बरा वाटतो. बाकी जें जें पडतें तें तें अशुभच. बरें, पडल्यावर थोडी हिंमत दाखवावी, तर 'पडलों तरी नाक वर' म्हणून लोक हंसायला मोकळे! अशा भाषेंत वाढलेल्या, भरल्या घरांत नांदणाऱ्या, पंचेचाळिशीच्या बाईनें पडण्याचाच अभ्यास करण्यासाठीं तीन आठवडे परमुलखांत जावें, हें वाचकांना चमत्कारिक वाटेल. आमच्या घरांतही तें तसेंच वाटलें.

आमचें घर भिवंडींतलें, ब्राह्मण आळींतलें. बाहेर यंत्रमागांची अखंड खडखड आणि गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग. आंत तीन पिढ्यांचीं अकरा माणसें. २०२२ च्या श्रावणांत माझ्या सासूबाई न्हाणींत पाय घसरून पडल्या व त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलें, वर्षभराच्या व्यायामानें त्या काठी घेऊन तुळशीपर्यंत जाऊं लागल्या. परंतु त्या दिवसापासून 'पडणें' हा शब्द घरांत कोणी मोठ्यानें उच्चारीनासें झालें. न्हाणींत रबरी चटया आल्या, भिंतींना दांडे बसले, आणि धाकटीं मुलें जिन्यावरून धांवूं लागलीं कीं चार तोंडांतून एकदम 'हळू!' असा शब्द निघूं लागला.

अशा घरांत मीं हंपीचा बेत काढला. आम्ही चौघी कॉलेजांतल्या मैत्रिणी. त्या काळीं आमच्या तालुक्यांतला गुमतारा, शेजारच्या शहापुरांतला माहुली असे गड आम्ही पायांखालीं घातले होते. पुढें लग्नें झालीं. चौघींपैकीं एकीच्या भावाशीं माझें लग्न झालें, आणि मैत्रीण होती ती वन्सं झाली. दुसरी फिजिओथेरपीचा व्यवसाय करते, तिसरी बँकेंत आहे. मुलें मोठीं झाल्यावर आम्ही पुन्हां एकत्र आलों. मुंब्र्याच्या डोंगराच्या खडकांवर शनिवार-रविवार हात चालवूं लागलों. त्यांतून 'बोल्डरिंग'ची गोडी लागली, आणि त्या गोडींतून हा बेत.

मामंजी निवृत्त शिक्षक. त्यांनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "हंपीला जातां हें समजलें. विरूपाक्ष आहे, तुंगभद्रा आहे, विजयनगरचें वैभव आहे. पण ज्या दगडाच्या माथ्यावर मागच्या बाजूनें चालत जातां येतें, त्यावर पुढच्या बाजूनें नखें मोडीत कशासाठीं चढायचें?"

प्रश्न बिनतोड होता. मीं मला ठाऊक होतें तेवढें सांगितलें. बोल्डरिंग म्हणजे बारा-पंधरा फुटांपर्यंतच्या सुट्या शिळांवर दोराशिवाय चढणें. साधनें मोजकीं: चिकट रबरी तळाचे घट्ट जोडे, हातांचा घाम टिपणारी मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी, आणि खालीं अंथरावयाची फोमची जाड गादी. फ्रान्समध्यें पॅरिसच्या आग्नेयेस फाँतेनब्लो नांवाचें अरण्य आहे. तेथील वालुकाश्माच्या शिळांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पॅरिसचे गिर्यारोहक आल्प्सच्या मोहिमांची तालीम करीत. तालीम करतां करतां कित्येकांना आल्प्सचा विसर पडला आणि शिळाच प्रिय झाल्या! पिएर आलँ या फ्रेंच गृहस्थानें १९३० नंतरच्या दशकांत याच शिळांसाठीं रबरी तळाचे खास जोडे बनविले. १९५० नंतर जॉन गिल या अमेरिकन गणितज्ञानें कसरतपटूंची पांढरी भुकटी दगडावर आणली, आणि शिळेवर चढणें ही स्वतंत्र विद्या आहे, मोठ्या पर्वताची ती नुसती पूर्वतयारी नव्हे, हें स्वतःच्या उदाहरणानें पटविलें. टोकियोचें ऑलिंपिक २०२१ सालीं भरलें तेव्हां प्रस्तरारोहणाचा त्यांत प्रथमच समावेश झाला व बोल्डरिंग हा त्याचा एक भाग होता. आपल्याकडेही मुंबईच्या 'गिरिविहार' या १९५४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेच्या पुढाकारानें २०१६ आणि २०१७ सालीं नवी मुंबईंत जागतिक चषकाच्या बोल्डरिंग स्पर्धा झाल्या.

"हा इतिहास झाला," मामंजी म्हणाले, "माझ्या प्रश्नाचें उत्तर नाहीं झालें."

निकाल सासूबाईंनीं दिला. "जाऊं द्या त्यांना. चौघी मिळून हाडें किती नेतां तीं मोजून घ्या, आणि तेवढीं धड परत आणा म्हणजे झालें!" जाऊबाईंनीं डबे आणि मुलांच्या शाळा अंगावर घेतल्या, आणि संक्रांत उरकून २०२४ च्या जानेवारींत आम्ही कल्याणला रात्रीच्या होसपेट गाडींत बसलों.

सोलापूर, विजापूर, गदग मागें पडलें आणि दुसऱ्या दिवशीं खिडकींतून दिसणारा मुलूखच बदलून गेला. आपला सह्याद्रि थरांथरांचा. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरत गेले, आणि पोळ्यांची चवड रचावी तसे काळे कातळ साचले. म्हणून आपल्याकडे सरळ कडे आणि आडवे टप्पे. हंपीचा ग्रॅनाइट याहून फार म्हातारा, सुमारें अडीचशें कोटी वर्षांचा. भूगर्भांत थंड झालेल्या त्या खडकाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, भेगांतून पाणी झिरपलें, कोपरे झिजले. मग भोंवतालची भुसभुशीत माती वाहून गेली आणि आंतले गोल गाभे एकमेकांवर तोललेले तसेच उघडे राहिले. पिवळ्या-तांबूस रंगाच्या त्या शिळांच्या राशी पाहिल्या म्हणजे रामायणांतली किष्किंधा हीच, ही लोकांची श्रद्धा कशी जडली असेल तें कळतें. नदीपलीकडे आनेगुंदीजवळ अंजनाद्रि आहे. मारुतीचें जन्मस्थान म्हणून तेथें माणसांची रीघ असते. आमच्या गादीचें ओझें पाहून एका वृद्धानें कानडी वळणाच्या हिंदींत विचारलें, "वानरांच्या गांवीं येऊन उड्या मारायच्या, तर अंथरूण कशाला?"

दक्षिण तीरावर विजयनगर. १३३६ सालीं स्थापन झालेलें, १५६५ च्या लढाईनंतर लुटलें आणि ओसाड पडलेलें. १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादींत असलेलें. तेथील शिळांच्या अंगावर चौकोनी भोकांच्या सरळ रांगा दिसतात. पाथरवटांनीं पाचरी ठोकून दगड फोडण्यासाठीं त्या पाडल्या. कांहीं शिळा त्या रेषेवर फुटून देवळांच्या खांबांत गेल्या. कांहींवर रांग पाडून झाली, पण शिळा मात्र जागच्या हलल्या नाहींत. त्या बाजूस आम्ही प्रवासी म्हणून हिंडलों, देवदर्शन केलें. देवळांच्या आसपासच्या दगडांना चढण्यासाठीं हात लावावयाचा नाहीं असा आमचा नियम होता. चढण्यासाठीं आम्ही उत्तर तीरावर साणापुरास बिऱ्हाड केलें. पूर्वीं देशोदेशींच्या प्रस्तरारोहकांचा तळ विरुपापूर गड्डी येथें असे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२० सालीं तेथील निवासस्थानें पाडलीं गेलीं, आणि ही वस्ती साणापूर-आनेगुंदीकडे सरकली. आमच्या आवारांत निरनिराळ्या देशांचीं तरुण मुलें होतीं. चार मध्यमवयीन मराठी बायका पाहून प्रथम त्यांना नवल वाटलें. वन्संनीं गुळपोळ्यांचा डबा उघडल्यावर नवल संपलें.

ग्रॅनाइट तापला कीं हाताला घाम सुटतो आणि पकड निसटते. म्हणून पहांटे साडेपांचला उठावें, झुंजुमुंजूं होतांच गाद्या पाठीवर घेऊन भाताच्या खाचरांतून शिळांपाशीं जावें, नऊ वाजतां परतावें. पुन्हां ऊन उतरल्यावर तासदीडतास. अंधार पडल्यावर कपारींत रेंगाळायचें नाहीं, कारण या टापूंत अस्वलें आणि बिबळे आहेत. दगडांतले स्फटिक बोटांची कातडी किसणीसारखी सोलतात. चौथ्या दिवशीं आम्हांला भात कालवतांना आमटी झोंबूं लागली.

परंतु पहिले दोन दिवस आमच्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीनें आम्हांला चढूंच दिलें नाहीं. तिनें आम्हांला पडायला लावलें. आधीं कमरेइतक्या उंचीवरून, मग छातीइतक्या. दोन्ही पाय एकदम टेकावेत, गुडघे सैल असावेत, टेकतांच बसल्यासारखें होऊन पाठीवर गोल लोळावें, हनुवटी छातीशीं आणि हात पोटाशीं ठेवावेत. पडतांना मागें हात टेकण्याची माणसाची उपजत संवय असते, आणि मनगट मोडतें तें तेथेंच. ही एक संवय घालवायला दोन दिवस पुरले नाहींत.

त्यानंतर दुसरी विद्या, ती खालीं उभी राहणाऱ्याची. तिला 'स्पॉटिंग' म्हणतात. आम्ही आपसांत 'राखण' म्हणूं लागलों. एकजण चढत असतां दुसरीनें खालीं उभें राहायचें. हात वर, कोपरे किंचित वांकलेले, अंगठे बोटांना चिकटवलेले. नजर चढणारीच्या हातांकडे न ठेवतां तिच्या कमरेकडे ठेवायची, कारण अंग जातें तें कमरेमागून. पडणारीला झेलायचें नसतें. दीड मणाचें माणूस कोण झेलणार? तिचें डोकें आणि पाठ दगडावर न आपटतां गादीवर यावी, एवढीच दिशा द्यायची. आणि पडेपर्यंत तिला शिवायचें नाहीं. नुसतें बोट लागलें तरी ती चढण तिची राहत नाहीं. मला चढण्यापेक्षां हें कठीण वाटलें. डोळ्यांदेखत मैत्रिणीचा पाय थरथरत असतां हात वर करून नुसतें उभें राहायचें, ही शिक्षाच होती.

आठव्या दिवशीं संध्याकाळीं घरून फोन आला. सासूबाई तीन दिवस अंथरुणावरून उठल्या नव्हत्या. तुळशीकडे जातांना काठी उंबऱ्याला अडली, तोल गेला. भाऊजींनीं सांवरलें म्हणून पडल्या नाहींत. पण घराची छाती दडपली. जो तो प्रेमानें सांगूं लागला, "उठूं नका, काय हवें तें अंथरुणावर आणून देतों." चहा अंथरुणावर, जेवण अंथरुणावर, आणि शेवटीं बाकीचें सगळेंही अंथरुणावरच. ज्या बाईनें साठ वर्षें कोणाकडून पाण्याचा पेला मागून घेतला नाहीं ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

वन्संच्या डोळ्यांना धार लागली. आईला टाकून आपण दगड चढत बसलों, असें तिच्या मनानें घेतलें. दुसऱ्याच दिवशीं परत फिरावें असें ठरूं लागलें. मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. सून गेली आणि सासूनें अंथरूण धरलें, हें वाक्य आळींत कसें उच्चारलें जाईल तेंही ऐकूं येऊं लागलें.

सकाळीं मैत्रीण म्हणाली, "आधीं डॉक्टरांना बोलावून खुबा दाखवा. हाडाला कांहीं झालें असेल तर आज रात्रीच निघूं. झालें नसेल तर तुम्ही तेथें जाऊन तरी काय करणार? तिचा दंड धरायला घरांत नऊ माणसें आहेतच." मग तिनें व्यवसायांतला अनुभव सांगितला. म्हातारपणीं पडण्याच्या भीतीनें चालणें कमी होतें. चालणें कमी झालें कीं पायांतलें बळ ओसरतें. बळ ओसरलें कीं पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. हें चक्र कोठें तरी तोडावें लागतें.

डॉक्टर येऊन गेले. हाड, सांधा, सारें ठीक होतें. दुपारीं फोनच्या पडद्यावर सारें घर गोळा झालें. मैत्रिणीनें दोन शब्द समजावून सांगायला सुरुवात केली, तोंच सासूबाईंचा आवाज आला, "मला उपदेश नको. तुम्ही तिथें पडतां ना? तें दाखवा."

आम्ही फोन एका दगडावर टेकवून ठेवला. मी सहा फुटांवर चढलें, वन्सं खालीं हात वर करून उभी राहिली. मग मीं हात सोडले. पाय टेकले, गुडघे मिटले, मी गादीवर उताणी लोळलें. वन्संचे हात माझ्या पाठीजवळून गेले, पण लागले नाहींत. पलीकडे क्षणभर शांतता.

"अगो, तूं तिला धरलंसच नाहीं!" सासूबाई लेकीला म्हणाल्या.

"धरायचं नसतंच, आई."

"मग उभी कशाला राहतेस?"

वन्सं थोडा वेळ घुटमळली. मग म्हणाली, "मी उभी आहे म्हणून तिला हात सोडवतात."

सासूबाईंनीं पुन्हां एकदां पडायला सांगितलें. मी पुन्हां पडलें. तिसऱ्या वेळीं त्या हंसल्या, "पुरे ग, दगडाला लागेल!" म्हणाल्या.

त्या संध्याकाळीं मैत्रिणीनें फोनवरूनच भाऊजींना जागा नेमून दिली. सासूबाईंच्या कमरेला रुंद पट्टा. भाऊजी त्यांच्या दुखऱ्या बाजूस, अर्धें पाऊल मागें, एक हात पट्ट्याजवळ पण पट्टा न ओढतां. वाटेंतलें जाजम गुंडाळलेलें, बाकी सर्वांनीं भिंतीला टेकून उभें राहायचें आणि 'हळू' म्हणायचें नाहीं. अंथरुणापासून माजघराच्या दारापर्यंत चौदा पावलें झालीं. नातीनें तीं मोठ्यानें मोजलीं. सासूबाईंची काठी स्थिर होती. कांपत होते ते भाऊजींचे हात.

आम्ही परत फिरलों नाहीं. उरलेले अकरा दिवस रोज संध्याकाळीं पावलांचा आंकडा येई आणि आम्ही तो आमच्या वहींत शिळांच्या नांवांखालीं लिहूं. चौदा, एकोणीस, पुन्हां चौदा, एका दिवशीं शून्य, मग सव्वीस. सतराव्या दिवशीं त्या तुळशीपर्यंत गेल्या.

माझी शिळा मात्र राहिली. साणापूरच्या तळ्याकडे तोंड करून उभी असलेली ती बारा फुटांची शिळा. तिच्या माथ्याशीं पकड नाहीं, नुसता उतार आहे, आणि तेथें तळहात पसरून दगडावर विश्वास टाकावा लागतो. सहा सकाळीं मीं प्रयत्न केला. शेवटच्या सकाळीं तळहात माथ्यावर ठेवून दोन श्वास राहिलें आणि मग पडलें. वन्संनें दिशा दिली, मी गादीवर आलें. आम्ही दगडावरची पांढरी बोटें कुंच्यानें पुसून टाकलीं आणि निघालों.

घरीं आल्यावर मामंजींनीं विचारलें, "चढलीस का शेवटीं?" मीं 'नाहीं' म्हटलें. "मग तीन आठवडे केलेंस काय?" "पडलें," मीं सांगितलें, "आणि दुसऱ्यांची राखण केली." ते कांहीं बोलले नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं भाऊजी कामावरून यायला उशीर झाला तेव्हां सासूबाईंच्या मागें अर्धें पाऊल अंतर ठेवून, हात पुढें धरून, मामंजी चालत होते. नव्याच्या भीतीनें त्यांनीं श्वास रोखून धरला होता.

एकत्र कुटुंबाला झेलण्याची कला अवगत असते. कोणी आजारी पडो, कोणाची नोकरी जावो, दहा हात पुढें येतात. तें आपलें मोठेंच सुख आहे. परंतु ज्याला आपण झेलूं शकतों त्याला धरून ठेवण्याचा मोहही त्याच हातांना होतो. मुलगी परगांवीं शिकायला निघते, चाळिशीची जाऊ मोटार चालवायला शिकूं म्हणते, सत्तरीचे मामंजी एकटे काशीस जाऊं म्हणतात; त्या वेळीं आपण दंड धरतों कीं गादी अंथरतों, हें ज्याचें त्यानें आपल्या घरांत पाहावें. गादी अंथरायला कष्ट पडतात. ती पाठीवर वाहून न्यावी लागते, योग्य जागीं ठेवावी लागते, आणि मग नजर न हलवितां उभें राहावें लागतें. बेफिकिरीनें 'जा बापडे' म्हणणें याहून सोपें आहे, आणि 'जाऊं नको' म्हणणें त्याहूनही सोपें.

सासूबाईंची भीती गेली असें मी म्हणणार नाहीं. पावसाळी दिवसांत त्या आजही न्हाणीच्या दाराशीं थबकतात, चटईवर काठी दोनदां आपटून पाहतात, आणि मग आंत पाऊल टाकतात. सकाळचें तुळशीला पाणी मात्र त्याच घालतात. मागून घरांतलें कोणी ना कोणी चालत असतें. त्याचे हात पुढें असतात आणि रिकामे असतात.